मार्था सिस्टरांची गव्हाची वाईन

मार्था सिस्टर चिनी मातीच्या बरणीला कान लावून बसत. आत गहू, काळ्या मनुका आणि साखर आंबत असे. "चांगली बोलून राह्यली," म्हणत त्या बरणीच्या तोंडाला पुन्हा फडकं बांधत. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. रोग्याच्या श्वासाकडे कान देण्याची सवय निवृत्तीनंतर नाताळच्या वाईनवर आली होती.

नालवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. आईबाबा भाजी पिकवून वर्धेच्या बाजारात विकत. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझं इंग्रजी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात झालं. मी अडखळले की म्हणत, "घाबरू नको. पुन्हा सांग. इथं कोणी मरून नाई राह्यलं."

वाईनची कृती त्यांच्या आईची. ती व्हायची नागपूरच्या धाकट्या भावासाठी, सॅम्युअलमामांसाठी. एका वर्षी मामांचा कॅन्सर पसरला. हा नाताळ शेवटचा, हे सिस्टरांना कळत होतं. बरणी घालून त्या मामांजवळ राहायला गेल्या. जाताना माझ्या आईला म्हणाल्या, "मंगला, गहू भिजत घातलाय. रोज ढवळजो." वाईन हा शब्द त्यांनी टाळला. जिल्हा दारूबंदीचा, आणि आई बचत गटातल्या बायांसोबत दारू विकणाऱ्यांच्या दारात ठिय्या देऊन आलेली.

आईला भिजवलेला गहू एकच माहीत, कुरडयांचा. त्याचं पाणी रोज बदलतात. तिनं फेसाळलेलं आंबूस पाणी ओतून दिलं, स्वच्छ पाणी घातलं. रोज, अगदी मनापासून.

सिस्टर परतल्या आणि बरणी उघडून थबकल्या. "यातल्या मनुका नाई दिसल्या तुले?"

"दिसल्या ना. मले वाटलं, तुमच्यातल्या कुरडया अशाच असतात."

सिस्टर हसत सुटल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या आणि मग बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिल्या. ती वाईन होती आणि कोणासाठी होती, हे त्यांनी आईला तेव्हा सांगितलं. नव्यानं घालायला दिवस उरले नव्हते.

नाताळला मामा आले, उशीला टेकून बसले. "ताई, आईची वाईन आण ना."

आई तिथंच उभी होती. ती बोलायला लागली तोच सिस्टर म्हणाल्या, "यंदा आळस केला रे मी. मंगला, चहा मांड बरं."

"एवढं एकच मागितलं होतं तुले," मामा म्हणाले. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि केक कापला.

होळीआधी मामा गेले. आईनं सिस्टरांकडे जाणं जवळपास सोडलं. भाजीसुद्धा माझ्याच हाती पाठवायची.

पुढच्या हिवाळ्यात सिस्टर बरणी कवेत घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या. "नागपूरले भावजयीकडे चालली चार दिवस. ही तुझ्यापाशी राहू दे."

"माह्यापाशी नका ठेवू, सिस्टर."

"तुझ्याचपाशी. अन् यात दारू आहे, मंगला. मागच्या वेळी मी तुले खरं नाई सांगितलं, म्हणून ते झालं. नको असंल तर नको म्हण. मी राग नाई धरणार."

आई बरणीकडे पाहत उभी राहिली. मग खाली बसून तिनं ओट्याखालचा पिठाचा डबा बाजूला सरकवला.