दाजींचं हसू

इंदापूर तालुक्यात मरायचं असेल तर आमच्या दाजींची तारीख घेऊन मरावं, असं लोक निम्मं थट्टेनं आणि निम्मं मनापासून म्हणत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कळसला त्यांची डाळिंबाची बाग आहे, पण पंचक्रोशीत ओळख होती ती दहाव्याला श्रद्धांजली वाहणारा माणूस म्हणून. माइक हातात आला की पुढारी गेलेल्याला विसरतात आणि स्वतःविषयीच बोलतात. दाजींचं तसं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ते त्या घरी जाऊन बसायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचे आणि गेलेल्या माणसाचा एखादा तरी गुण हुडकून काढायचेच. जन्मात कुणाला चहा न पाजलेल्या एका महाचिकट गृहस्थाबद्दल ते म्हणाले होते, "आण्णांनी कुणाला आपली सवय लावली न्हाय, म्हणून आज त्यांच्यावाचून कुणाचं अडणार न्हाय." आणि त्या गृहस्थाची मुलं चक्क डोळे पुसत होती! म्हैस विकली तेव्हा दाजी तिच्यावर बोलले, जुना ट्रॅक्टर भंगारात गेला तेव्हा त्याच्यावर बोलले. ताई वैतागायची, "माझ्यावर काय बोलणार ते आत्ताच बोला की. मेल्यावर मी ऐकाय येणार हाय व्हय?" त्यावर दाजी गंभीरपणे म्हणायचे, "घाई करू नगंस. माझी तयारी झाली न्हाय अजून."

टोपी चुरगळते म्हणून ते हेल्मेट घालत नसत. असेच एका दहाव्याहून परतताना पणदऱ्याच्या अलीकडे, रस्त्यावर सांडलेल्या उसावरून त्यांची मोटरसायकल घसरली आणि डोकं डांबरावर आपटलं. बारामतीच्या दवाखान्यात कित्येक दिवस ते शुद्धीवर नव्हते. मी वालचंदनगरहून रोज ड्यूटी संपली की जात होतो. पुढं ते उठले, चालू लागले, माणसं ओळखू लागले. आम्ही म्हटलं, सुटलो. घरी आल्यावर काही दिवसांनी ताई रडत सांगायला गेली की आमची मावशी वारली, आणि दाजी खदाखदा हसायला लागले. हसता हसता त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. डोळे भेदरलेले होते. अशक्तपणा असेल, म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

तो सोडायला नको होता. गावातला एक तरणा मुलगा गेला आणि त्याच्या दहाव्याला दाजी सवयीनं बोलायला उभे राहिले. मी समोरच बसलो होतो. मुलाचं नाव घेतलं आणि त्यांच्या ओठाचा कोपरा थरथरला. मग ते हसू फुटलं, तेही माइकवर! घाटावर चिडीचूप झालं. मुलाची आई मान वर करून बघत राहिली. तिचा थोरला मुलगा धावत आला आणि त्यानं दाजींची कॉलर धरली. "दारू पिऊन आलास व्हय रं? माझ्या भावाला हसतोस?" मागची चार माणसंही उठली. मी मध्ये घुसून ओरडत होतो, "डोक्याला मार लागलाय त्यांच्या! ते हसत न्हाईत!" आणि माझ्या पाठीशी दाजी हसतच होते. त्यांना गाडीवर घालून मी कसंबसं बाहेर काढलं. घरापर्यंत त्यांचं हसू माझ्या पाठीवर आपटत होतं. दारात उतरल्यावर म्हणाले, "पाव्हणं, आतून काळीज तुटत हुतं. तोंड कुणाचं हुतं, ठावं न्हाय."

बारामतीच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. "हसण्या-रडण्याचा लगाम मेंदूच्या हातात असतो. मार लागल्यामुळं तो सैल झालाय. हे वेड नाही आणि मुद्दामही नाही. गोळी रोज घ्यायची, गुण सावकाश येईल. आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही." दाजींनी गोळी सुरू केली आणि रोज संध्याकाळी स्वतःची परीक्षा घ्यायचं खूळही काढलं. ताईला समोर बसवून म्हणायचे, "एखादी वाईट बातमी सांग." बिचारीच्या बातम्या संपल्या. "बागंवर तेल्या रोग पडलाय," ती एकदा म्हणाली. "खोटं. सकाळीच बघून आलोय. नीट वाईट सांग!"

हळूहळू हसू थांबलं. पण त्याबरोबर बाकीचंही थांबलं. नातीच्या बोबड्या बोलण्यावर ते नुसती मान हलवायचे. मला म्हणाले, "सगळं अळणी लागतंय बघा, पाव्हणं." पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगू, असं ठरलं होतं. त्याआधीच दाजींचे थोरले भाऊ गेले. त्यांना घरात सगळे आबा म्हणायचे.

दुसऱ्याच दिवशी दाजींनी जाहीर केलं, "दहाव्यापतुर गोळी बंद. सख्ख्या भावाला मला रडायचंय."

"आणि रडण्याऐवजी हसू आलं म्हंजे?" ताई किंचाळलीच. "त्या दिवशी मारत हुते तुमाला!"

"मारू द्यात."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एकदम सोडू नका. दहावा झाला की या, मात्रा हळूहळू कमी करून बघू." मी निरोप सांगितला. रोज सकाळी गोळी हातावर घेऊन ते उंबऱ्यात बसायचे आणि ताई तांब्या घेऊन समोर उभी राहायची. गोळी गिळेपर्यंत ती तिथून हलत नसे. दहाव्याच्या सकाळी ते फारच वेळ बसले. शेवटी ताईनं हळूच म्हटलं, "आबांना तुमचं हसं झालेलं बघवलं नसतं." त्यांनी गोळी घेतली.

घाटावर माइक हातात घेतला तेव्हा त्यांच्या ओठाचा कोपरा पुन्हा थरथरला. माझ्या शेजारच्या माणसानं श्वास रोखला. मी तर उठायच्याच तयारीत होतो. दाजी थांबले आणि सपाट आवाजात बोलले, "माझा भाऊ गेला. मला रडू याय पायजे, पर येत न्हाय. ह्यो औषधाचा गुण हाय, माझ्या मनाचा न्हाय. मला नको तवा हसू फुटायचं, तवा आबा पण माझ्यासंगं हसायचा. दारात परका माणूस असला तर मोठ्यानं हसायचा. वाटावं, दोघा भावांचं कायतरी गमतीचं चाललंय. मला येडा म्हणू दिलं न्हाय त्यानं कुणाला. एवढंच."

ते खाली बसले. घाटावरची सगळी माणसं रडत होती. कोरडे फक्त दाजी होते.

डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली. दाजी आता दहाव्याला जातात, पण मागं बसतात, बोलत नाहीत. परवा मी गेलो तेव्हा आबांचा मुलगा बागेत छाटणी करत होता आणि दाजी बांधावरून त्याच्याकडे बघत होते. पोरगा हुबेहूब बापासारखा वाकतो. दाजींनी ताईला हाक मारली. "अगं, बघ बरं, डोळ्याला पाणी आलं का?"

ताईनं जवळ जाऊन बघितलं. "आलंय."

मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ मिटलेले होते. ताई पदरानं पुसायला गेली तसा त्यांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "वाळंल आपसूक."