तळव्याखालच्या चुका

संगणकाच्या पडद्यावर चुकांच्या लाल ओळींची रांग लागली की ती डावा तळवा पडद्यावर ठेवी आणि पहिली ओळ सोडून बाकीच्या सगळ्या झाकून टाकी. मग म्हणे, "पयली तेवढी बघूची, काकानू. बाकीची तिचीच पिलावळ."

मी मालवणात तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या मजकुरात आजवर एकाही साहेबाला काना-मात्रेचा दोष काढता आलेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो. वाचकहो, माणसे न्याहाळण्याची खोड तुम्हालाही असेल. तरी असे माणूस तुमच्या पाहण्यात आले असेल, याविषयी मला शंका आहे.

ती आचऱ्याची. आजारी वडिलांसाठी पुण्याची नोकरी घरून करण्याची परवानगी काढून आली होती. घरी रेंज नव्हती. माझ्या पडवीच्या कोपऱ्यात रेंज भरपूर. सबब ती रोज बसने येई आणि पक्षकारांच्या बाकावर बसे. नोकरीचे काम आटोपले की दुसरे सुरू होई, बिनपगारी.

"ह्या कोणासाठी करतंस गो बाय?"

"कोणासाठीच नाय. सगळ्यांसाठी."

संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा एक गाभा असतो. ही मंडळी त्याला कर्नल म्हणतात. तो जगभरची माणसे मिळून लिहितात. त्याच्याशी व्यवहार कसा करावा हे नवशिक्यांना कळावे म्हणून सोबत छोटे नमुना प्रोग्रॅम दिलेले असतात. गाभा बदलत जातो, नमुन्यांकडे कोणी पाहत नाही आणि एके दिवशी ते बांधलेच जात नाहीत. लिहिलेल्या मजकुरातून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे, याला ती 'बांधणे' म्हणे. बिघडलेले नमुने ती दुरुस्त करी. माझ्या भिंतीवरही नमुना अर्ज टांगलेले आहेत आणि लोक त्यातले नमुन्याचे नावसुद्धा स्वतःचे म्हणून उतरवतात. त्यामुळे या कामाचे मोल तालुक्यात मला एकट्यालाच कळले असावे.

तिचा जीव एका नमुन्यात अडकला होता. कॉलेजात असताना ती त्याच्यावरूनच पहिल्यांदा शिकली होती. परदेशातल्या एका देखरेख करणाऱ्या गृहस्थाने कळवले होते, की हा नमुना बांधला जात नाही. पुढच्या आवृत्तीपूर्वी दुरुस्त न झाल्यास काढून टाकू. तिने दुरुस्ती पाठवली. उत्तर आले, अजून बांधला जात नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच.

"माझ्याकडे हंय बांधता आणि त्येंच्याकडे थंय बांधणा नाय," ती म्हणाली. "काढून टाकतले त्येका. नवीन पोरां मगे खंयसून शिकतली?"

इतक्यात एक काजूबागायतदार आजोबा नामंजूर अर्ज घेऊन आले.

"सातबारो खंयचो जोडलास?" मी विचारले.

"वरतीच गावलो, तो दिलंय."

"पिशयी रिकामी करा."

कोकणात माणूस कचेरीत येतो तो घरातले सगळे कागद एकाच पिशवीत कोंबून. पिशवी बाकावर उलटी केली. ताजा उतारा तळाशी होता. अर्जाला लागला होता तो आजोबांच्याही आज्याच्या नावाचा.

"पिशयेत जुनो होतो म्हणान तुमका नवीन शोधूची गरजच वाटली नाय!" मी सुनावले.

ती ताडकन उठली. "काकानू, माझ्याय पिशयेत आज्याचोच उतारो आसा!"

तिने आपल्या यंत्रात जुनी एकही फाइल नसलेली एक कोरी जागा तयार केली आणि नमुना तिथे बांधायला घातला. लाल ओळी उसळल्या. चूक पाहून इतके आनंदलेले माणूस मी पहिल्यांदाच पाहिले. तळवा ठेवला, पहिली ओळ वाचली. गाभ्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे ते सांगणारी फाइल नमुना गाभ्याकडून घेतच नव्हता. तिच्या यंत्रात कधीची पडून असलेली जुनी उचलत होता. त्या गृहस्थाकडे जुनी नव्हतीच, म्हणून तिथे अडत होते. तिने नव्या फाइलची वाट दाखवणारी एक ओळ घातली. पुन्हा बांधले. पडदा शांत.

"झाला?"

"झाला."

"मगे तो काय सांगणा कसो नाय?"

"बरा आसला की तो काय बोलणा नाय, काकानू. चुकला तरच बोबाटता."

त्या गृहस्थाकडेही तो बांधला गेला आणि नमुना राहिला. दुरुस्तीच्या खाली तिने, मला विचारून, सूचना करणारा म्हणून माझे नाव घातले. आयुष्यभर मी जे जे लिहिले, त्याच्या खाली सही दुसऱ्याची. पडद्यावरचे ते नाव मी बराच वेळ पाहत राहिलो. काना-मात्रा तपासायचेही सुचले नाही.

वडील हिंडूफिरू लागले, तशी ती त्यांना घेऊन पुण्याला गेली. बाकाच्या त्या कोपऱ्यात रेंज अजून भरपूर आहे. मी माझा फोन तिथेच ठेवतो.

परवा काजूवाले आजोबा आले. बाकाकडे पाहून म्हणाले, "त्या चेडवाची काय खबर?"

"काय नाय," मी म्हणालो. "म्हणजे बरा आसा."