माझी एकशे बारावी आपटी

माझ्या मुलीने मला एकूण एकशे बारा वेळा आपटलं. त्यातल्या एकशे अकरा वेळा मी आपण होऊनच पडलो.

आमची पूर्वा जुडो शिकते. वर्धेचा क्लास आठवड्यातून तीनच दिवस, बाकीचे दिवस घरी सराव. त्याला समोर जोडीदार हवा. बायकोने मेथी निवडता निवडता नुसती मान हलवली. राहिलो मी! नालवाडीच्या आमच्या भाजीच्या वाडीत कुटार पसरलं (तुरीचा भुसा हो!), वर ताडपत्री अंथरली, झाला आखाडा. पूर्वा अठ्ठेचाळीस किलो, मी ब्याण्णव. तिने माझी बाही धरली, पाठ वळवली आणि ओढलं. मी जागचा हललो नाही. पोरीचं तोंड एवढंसं झालं, ते काही मला बघवेना. दुसऱ्यांदा तिने "हेय!" करून ओढताच मी "मेलो वं माय!" म्हणत स्वतःच कोलमडलो.

"बाबा, डाव बसला न!"

"बसला म्हंजे? माही हाडं मोजून घेजो!"

मग काय, रोज तिचं "हेय!" आणि रोज माझं लोटांगण. पूर्वाने हिशोब कोळशाने भिंतीवर मांडला. भाजीबाजारात मी सांगत सुटलो, "पोरगी मले मेथीच्या जुडीवानी उचलते!" बायकोला तेवढा संशय होता.

"ओ, तुमी मुद्दाम तं नाई पडून राह्यले?"

"ब्याण्णव किलोचा माणूस मुद्दाम पडते का?"

मग जिल्ह्याची निवड स्पर्धा आली. "बाबा, मले एक तरी लढत जिंकाची आहे," एवढंच ती जाताना म्हणाली. मी पहिल्या रांगेत बसलो. पूर्वाने समोरच्या पोरीला धरलं, ओढलं आणि तिच्या पडण्याची वाट बघत उभी राहिली. ती पोरगी कशाला पडते! पूर्वा गोंधळली. मग तिने जीव एकवटून "हेय!" केलं आणि (सवय हो, दुसरं काय!) मी खुर्चीसकट आडवा झालो. शेजारच्या काकांचा चहाही माझ्या अंगावर. गादीवरच्या दोघी उभ्या आणि पडलेला मी एकटा! पूर्वाने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. लढत अर्थातच गेली.

"इतके दिवस खोटं पडत होते तुमी?"

"तुले बरं वाटावं म्हणून, बेटा..."

"मले बरं नाई वाटून घ्याचं, बाबा. मले डाव शिकाचा आहे!"

ती रडत होती. मला फार लाज वाटली. तिच्या जुडोच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, चांगला जोडीदार उभा राहतो. डाव बसला तरच पडतो."

दुसऱ्या दिवसापासून मी उभा राहिलो. पोरगी घामाघूम व्हायची, चिडायची, कधी मुसमुसायची. माझे गुडघे मायेने वाकायला लागले की बायको वाफ्यातून डोळे वटारायची. असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी पूर्वा खाली बसली कधी, वळली कधी, मला काहीच कळलं नाही. आभाळ पायाखाली गेलं आणि मी ताडपत्री ओलांडून थेट टमाट्यांच्या क्रेटवर!

बायको धावत आली. आधी तिने टमाटे पाहिले.

"पुन्हा नाटक? दोन क्रेट माल नासवला!"

"अवं, खरंच पडलो!"

"हे तुमी एकशे अकरा वेळा म्हटलं."

पूर्वाचे डोळे भरून आले. "बाबा, मुद्दाम पडले न?"

मी देवाची शपथ घेतली, आईची घेतली, शेवटी टमाट्यांचीही घेतली. कोणी विश्वास ठेवेना! कण्हायला लागलो तर बायको म्हणते, "आता कण्हणं बी चालू केलं!" संध्याकाळी दवाखान्यात न्यावंच लागलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. बरगडीला चीर होती.

पूर्वाने भीत भीत विचारलं, "डॉक्टर, असं मुद्दाम पडून होते का?"

"मुद्दाम कोण बरगडी मोडून घेईल?" डॉक्टर म्हणाले.

"आई, डाव बसला!" पूर्वा दवाखान्यातच नाचायला लागली. मलाही हसू आलं, पण बरगडीने हसू दिलं नाही.

तो एक्स-रे आता बैठकीत, भिंतीवर टांगलाय. पूर्वाचं ते पहिलं प्रमाणपत्र. फक्त त्यावर नाव माझं आहे.