यंत्राचा नारळ

मडिवाळप्पाच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम राखाडी असत. राख लावल्याशिवाय सुताला सूत वळत नाही, आणि सोलापूरच्या त्या गिरणीत त्यानं उभा जन्म तेच केलं होतं. मागावरचा ताणा, म्हणजे उभी सुतं, संपली की नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्या सुताला जोडायचं, अशी हजारो सुतं. याला सांधणी म्हणतात. बसून करायचं काम, त्यामुळे गल्लीतल्या बायका म्हणत, नवरा असावा तर सांधणीवाला, अंगाला घामाचा वास नाही.

माणूस देवभोळा आणि तोंडाचा गोड. कुणाच्या कार्यात नारळ नासका निघाला की सगळ्यांचे चेहरे पडत आणि मडिवाळप्पा पुढे होई. “इडापिडा गेली बघा! आता काय भ्या न्हाय.” एवढं ऐकलं की लोकांना घास गोड लागे. लेकीच्या, पार्वतम्माच्या लग्नात तर त्याच्याच मांडवात हा प्रसंग आला. व्याही उठायच्या बेतात होते. त्यानं तेच वाक्य असं ठासून सांगितलं की व्याही पुन्हा बसले.

चौऱ्याहत्तर साली गिरणीत गाठी मारणारं यंत्र आलं. मागापाशी लावायचं, बटण दाबायचं, आणि माणसाचं दिवसभराचं काम ते चहा निवेपर्यंत उरकणार. सांधणीखातं हवालदिल झालं. युनियननं सभा घेतली, जोरदार भाषणं झाली. यंत्र मात्र पेटीतून बाहेर आलंच.

मग मडिवाळप्पाच्या दोस्ताला, चनमल्लप्पाला युक्ती सुचली. गिरणीचे मालक शेटजी शकुन-अपशकुन भारी मानत. मागे नव्या ट्रकच्या पूजेत नारळ नासका निघाला, तर त्यांनी तो ट्रक न वापरताच विकला होता. यंत्राची पूजा खंडेनवमीला होणार होती, आणि रिवाजाप्रमाणे नारळ फोडायचा त्या खात्यातल्या सगळ्यात जुन्या माणसानं. म्हणजे मडिवाळप्पानं.

“नासका नारळ मी बघून आणतो. तू फकस्त फोड.”

“पूजेत नासकं ठेवायचं?”

“त्यो देव न्हाय, मशीन हाय. आपल्या पोटावर आलंय.”

मडिवाळप्पाला ते पटलं नाही. पण पोट त्यालाही होतं.

खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. मडिवाळप्पानं डोळे मिटून नारळ आपटला. असा वास सुटला की शेटजींनी नाकाला रुमाल लावला आणि ते दोन पावलं मागे सरले. आता ते यंत्र परत पाठवा म्हणणार, एवढ्यात खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, गुरप्पा पुढे आला. यंत्रावर त्याला बढती कबूल झाली होती.

“मडिवाळप्पा, तुज्या पार्वतम्माच्या लग्नात मी हुतो की. नारळ नासका निघाला, तवा इडापिडा गेली म्हणालास. खरं बोललास का खोटं?”

“सांग बाबा,” शेटजी म्हणाले. “तू जुना माणूस. तू म्हणशील ते.”

सगळं खातं त्याच्याकडे बघू लागलं. चनमल्लप्पा नुसती मान हलवून ‘खोटं म्हण’ असं सुचवत होता. खोटं म्हटलं तर यंत्र जाईल, भाकरी राहील. पण पार्वतम्मा बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते. तिच्या लग्नातला नारळ अपशकुनी होता, असं बापानं आता स्वतःच्या तोंडानं म्हणायचं?

“खरं बोललो,” तो म्हणाला. “इडापिडा गेली, शेटजी.”

शेटजींचा चेहरा खुलला. बटण दाबलं गेलं. चनमल्लप्पा त्याच्याकडे न बघता बाहेर निघून गेला. यंत्रानं सांधलेला ताणा मडिवाळप्पानं सवयीनं चाचपून पाहिला. एकही गाठ सुटत नव्हती.

घरी पार्वतम्मा दारातच तांदूळ निवडत बसली होती.

“पूजा कशी झाली, अप्पा?”

“नारळ नासका निघाला.”

“मग चांगलंच झालं की!” ती हसून म्हणाली. “इडापिडा गेली.”

“व्हय,” मडिवाळप्पा म्हणाला, आणि हात धुवायला मोरीकडे गेला.