भिंतीवरची काच

नोकरीतली सगळी वर्षं मी सरकारी क्वार्टरमध्ये काढली. छत गळायचं, बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी दहा जणांची तोंडं बघायची. त्यामुळे नर्सच्या नोकरीतून निवृत्त होताना माझा एकच हट्ट होता: मरायचं ते स्वतःच्या घरात. "आधी जगायचं बघ," म्हणून धाकट्या बहिणीने झापलं. पण मी कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही.

घर मिळालं ते गडचिरोलीच्या अगदी कडेला. तीन खोल्या, पुढे पेरूचं झाड, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. राहणारं जोडपं म्हातारं होतं. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला; मागच्या खोलीत खिडकीशी पलंगावर ते दिवसभर पडून असायचे आणि बांध्यांकडे बघत राहायचे. त्यांचं सगळं बाई एकट्या करायच्या. घर विकून चंद्रपूरला लेकीकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. "तिथी दवाखाना जवळ हाय जी," त्या म्हणाल्या.

मागच्या खोलीच्या भिंतीला भेग होती. पलंगाच्या उशाशीच, वर बोट जाईल एवढी आणि खाली येता येता बारीक होत गेलेली. ती पाहून माझा चेहरा पडला, पण घर मनात भरलं होतं. मी ओळखीतल्या एका निवृत्त इंजिनिअरना घेऊन गेले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, बाहेरून पाया थोडा उकरला, शेजाऱ्यांना विचारलं. तेव्हा कळलं की मागची खोली जिथे आहे तिथे पूर्वी बोडी होती, म्हणजे शेतातलं छोटं तळं. ती बुजवून वर खोली चढवलेली.

"पुढचं घर मुरमावर उभं आहे, मागची खोली गाळावर," ते मला अंगणात म्हणाले. "भेग थांबलेली असेल तर दुरुस्ती होईल. वाढत असेल तर या घराचा नाद सोडा." मग त्यांनी भेगेवर आडवी एक पातळ काच प्लास्टरनं चिकटवली आणि तिच्यावर पेनानं तारीख घातली. भिंत जराशी जरी हलली तरी काच तडकणार. पावसाळाभर वाट बघायची, असं ठरलं.

निघताना मी बाईंना बजावलं, "ही काच सांभाळा हं. तिला काही होऊ देऊ नका."

त्या पावसाळ्यात मी चार वेळा गेले. काच प्रत्येक वेळी अखंड. मी पलंगाच्या कठड्यावर हात टेकून, त्या माणसाच्या डोक्यावरून वाकून काच बघायची आणि मनातल्या मनात देव्हारा कुठे ठेवायचा ते ठरवायची. एकदा तर पडद्यांचं मापही घेऊन आले. बहिणीला फोनवर ऐकवलं, "बघ, माझं घर पक्कं आहे."

दिवाळी झाल्यावर इंजिनिअरना घेऊन शेवटचं बघायला गेले. त्यांनी नखानं काचेची कड खरवडली आणि कपाळाला आठी घातली. मी तिकडे काणाडोळा केला. बाईंनी चहा आणला. कप हातात देता देता त्या खाली मान घालून म्हणाल्या, "सिस्टर, एक सांगाचं राह्यलं. तुमची काच माह्या हातानं फुटली व्हती. मी खिडकी जोरानं लावली असंन. तुमी सांभाळाले सांगितली व्हती, म्हून मी फोटोच्या फ्रेमवाल्याकून तशीच काच आनून लावली. तारीख बी तशीच काढली. तुमाले सांगाची लाज वाटली जी."

माझं डोकंच फिरलं. "फसवता काय आम्हाला?" मी ओरडले. "घर गळ्यात मारायला निघालात?"

बाई भेदरून माझ्याकडे बघत राहिल्या. इंजिनिअर मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, काच किती वेळा लावली?"

"तीनदा," त्या म्हणाल्या. "एक पोळ्याच्या वख्ताले, एक दसऱ्याले, अन् एक परवा."

इंजिनिअरनी कप खाली ठेवला. "आधी हा पलंग इथून काढा."

आम्ही तिघांनी मिळून पलंग पुढच्या खोलीत नेला. तिथून बांध्या दिसत नव्हत्या. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी ते पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "अवो, असे काऊन करून राह्यले? उद्या खुर्चीवर बसवून आंगनात नेतो तुमाले."

मग मी त्यांना काच कशासाठी होती ते सांगितलं. काच खिडकीच्या धक्क्यानं फुटत नव्हती. भिंत सरकत होती म्हणून फुटत होती. त्या खोलीत आता कुणी झोपायचं नाही. आणि घर मी घेणार नाही, हेही सांगितलं. आपण वाचलो, असं मनात आलं होतं, आणि ते मनात आल्याची मला तिथेच शरम वाटली. आयुष्यभर मी पेशंटना कुशीवर वळवलं, त्यांच्या पाठी जपल्या. इथे महिनोन्महिने एका पेशंटच्या डोक्यावरून वाकून मी फक्त माझी भिंत बघत होते.

बाईंनी विचारलं, "काच फुटली म्हंजे भिंत हलली, हे तुमाले पयल्यापासून माईत व्हतं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज जराही चढला नाही.

"मंग मले काऊन नाई सांगितलं जी?"

मी त्या म्हाताऱ्या माणसाची उशी नीट करत राहिले.