एका घरावर दोन झेंडे

कोल्हापूरहून निघताना मित्रांनी विचारलं, "ऐन उन्हाळ्यात सिरोंच्याला कशाला मरायला जातोस?" मी म्हटलं, "पोटनिवडणूक बघायला." आमच्याकडच्या निवडणुका म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा, हलगी आणि गुलाल. त्यापुढे जंगलातली एक ग्रामपंचायत म्हणजे कुठल्या झाडाचा पाला! पण सिरोंच्याच्या बँकेत असलेला माझा आतेभाऊ विनायक फोनवर म्हणाला होता, "ये. इथे सासू विरुद्ध जावई आहे." मग राहवतंय होय?

चंद्रपूरहून एसटीने अख्खा दिवस खाल्ला. आलापल्लीच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसता साग, आणि मधूनच मोहफुलं वेचणाऱ्या बायका. एका उताराला गाडी पंक्चर झाली. कंडक्टर खाली उतरून चाकाकडे असा बघत बसला, जणू ते आपणहून भरणार होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने गाडग्यातली ताडी पुढे केली. "घ्या ना भाऊ, ऊन लय हाय." नको नको म्हणत मी दोन पेले रिचवले. त्यानंतरचा रस्ता फारच सुंदर होता.

सिरोंच्याला नदीचं पात्र वाळूने पांढरं पडलं होतं. दुकानांवरच्या पाट्या मराठी आणि कानावर तेलुगू. दुसऱ्या दिवशी सकाळी विनायकच्या स्कूटरवरून आम्ही निवडणुकीच्या गावाला गेलो. मोठा तलाव, त्याला लागून ढिवरांची (मासेमारांची) घरं, आणि त्यातल्या एका कौलारू घरावर शेजारी शेजारी फडकणारे दोन पक्षांचे दोन झेंडे!

अंगणात राजक्का जाळं दुरुस्त करत होती. तिचा घरजावई ओदेलू मागल्या दाराशी कार्यकर्त्यांबरोबर बसला होता. भानगड सोपी होती. पंचायतीत दोन्ही बाजू समसमान. रिकाम्या जागेवर जो येईल, त्याच्या हाती तलावाचं भवितव्य. ओदेलूच्या पक्षाला तो बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा होता, आणि ठेकेदाराने ओदेलूला राखणदाराची नोकरी कबूल केली होती. राजक्काचं एकच म्हणणं.

"तलाव गेला त आमी खाचं काय, भाऊ? जाळं उकडून खाऊ का?"

मधल्या मध्ये राजक्काची लेक सारक्का. एकाच चुलीवर आईच्या माणसांचं आणि नवऱ्याच्या माणसांचं जेवण रांधत होती. चेपला पुलुसू (चिंचेच्या आंबट रश्शातले मासे) आणि भात दोन्ही पक्षांनी एकाच पंगतीत ओरपला. मीही मागे राहिलो नाही.

पंगतीला बसलेले गावातले म्हातारे मल्लाबापू हसत म्हणाले, "पयले एकच पार्टी होती. मताची पेटी बैलगाडीत याची अन् गाव एकाच छापावर शिक्का मारे. मंग दोन पार्ट्या झाल्या, मंग तीन. आता त घरातच फाटाफूट हाय!"

मी प्रचारातला जुना खेळाडू. राजक्काला म्हटलं, "अक्का, आजच्या सभेत जावयाचे वाभाडे काढा."

तिने जीभ चावली. "जावयाले नाव ठिवू? मी त त्यायचं नावबी घेत नाई."

विनायकने मला समजावलं, की या गावात सासू जावयाशी बोलत नाही, त्याच्यासमोर तोंडही दाखवत नाही. संध्याकाळी मी ते डोळ्यांनी पाहिलं. राजक्काचं भाषण रंगात आलं होतं. ओदेलूची मिरवणूक येताच तिने डोक्यावरून पदर ओढला, भिंतीकडे वळली आणि गप्प! तिकडे ओदेलूनेही सासूसमोर आवाज नको म्हणून भोंगा बंद केला. मिरवणूक पाय न वाजवता पुढे गेली. असला प्रचार बघून मी कपाळावर हात मारला.

मतमोजणी तहसील कचेरीत झाली. गाव खिडक्यांना लटकलं होतं. राजक्काच्या कपबशीला आणि ओदेलूच्या छत्रीला सारखीच मतं पडली. एक मत बाद. निवडणुकीच्या साहेबांनी ते सगळ्यांना दाखवलं. कपबशीवर एक शिक्का, छत्रीवर एक शिक्का, दोन्ही अगदी जपून मधोमध मारलेले.

सगळं गाव सारक्काकडे वळलं. तिने मान खाली घातली.

"एकाले देऊन घरी कशी जाऊ?"

हसण्याने कचेरी दणाणली. साहेबसुद्धा हसले. मग नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. शिपायाने एक उचलली. छत्री!

गुलाल उडाला, पण ढिवरांच्या बाजूला कोणी हलेना. तलाव गेलाच म्हणायचा. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात राजक्का उठली. गर्दीतून सरळ ओदेलूसमोर गेली आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावई आज पहिल्यांदा सासूचं तोंड समोरून बघत होता.

"पाहुणे," ती म्हणाली, "मेंबर तुमी झाले. तलाव द्याचा नाई."

ओदेलूच्या हातातला हार तसाच राहिला. त्याचे कार्यकर्ते त्याचा दंड ओढत होते. त्याने तो सोडवून घेतला, वाकला आणि म्हणाला, "नाई जात तलाव, अत्ता (सासूबाई)." सारक्का रडत होती आणि हसतही होती.

घरी परतल्यावर काही दिवसांनी विनायकचा फोन आला. पंचायतीच्या सभेत ओदेलूने सासूच्या बाजूने हात वर केला. ठेकेदार गेला, त्याच्याबरोबर नोकरीही गेली. पक्षाने काढून टाकलं ते वेगळंच. आता तो रोज तलावात जाळं टाकतो.

"आणि सासू-जावई?" मी विचारलं.

"पहिल्यासारखेच पुन्हा बोलत नाहीत."

निवडणुकीपायी एकमेकांशी न बोलणारी घरं आमच्या तालुक्यात गल्लोगल्ली आहेत. पण इतकं प्रेमाने न बोलणारं घर मी तेवढं एकच पाहिलं.