घारीचा वाटा

जपानी शाईची कांडी दगडावर उगाळली की काजळाच्या वासाबरोबर मला देवबागचं आमचं मागीलदार आठवतं. तिथे मासे साफ करताना सासूबाई पहिलं डोकं माडावरच्या घारीला टाकायच्या. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी जपानी चित्रकारांसारखी, मोजक्या काळ्या फटकाऱ्यांत तीच घार रंगवली, बाकी कागद कोरा ठेवला आणि चित्र त्यांच्यासमोर भिंतीला लावलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. दुपारी बांगड्याचं ताट नेलं तर चित्रातल्या घारीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आदी तिका घाल गो. मी पडलंय तेवापासून उपाशी आसा ती." मी मागीलदारी जाऊन डोकं टाकलं, घार झेपावली, तेव्हा कुठे त्या जेवल्या. आता त्यांची खाट रिकामी आहे. पण बांगडे आणले की पहिलं डोकं अजून घारीचंच.